अरुंधती दाखवणारी वास्तू

लॉस एंजलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेत शिरायला तिकीट लागत नाही. 14 मे 1935 रोजी तिची दारं लोकांसाठी उघडली तेव्हा लागलं नव्हतं आणि नव्वद वर्षं उलटून गेल्यावर आजही लागत नाही. तारांगणातल्या कार्यक्रमाचे तेवढे पैसे पडतात. बाकी इमारत, तिची गच्ची आणि गच्चीवरच्या पूर्व घुमटातली बारा इंची झाइस दुर्बीण आल्यागेल्या प्रत्येकाची. वेधशाळेच्या हिशेबानुसार या एका दुर्बिणीला आजवर ऐंशी लाखांहून अधिक माणसांनी डोळा लावला आहे. इतक्या लोकांनी दुसऱ्या कुठल्याही दुर्बिणीतून आकाश पाहिलेलं नाही. विश्वाची कल्पना बदलून टाकणारे शोध लागले ते इथून दिसणाऱ्या माउंट विल्सनवर. ग्रिफिथने काम पत्करलं ते दाखवण्याचं.

दाखवणं हे काम वरवर सोपं वाटतं. आकाश तर सगळ्यांच्याच डोक्यावर असतं, बोट वर केलं की झालं. पण ज्याने कधी लहान मुलाला किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एखादा तारा दाखवायचा प्रयत्न केला आहे, त्याला ठाऊक असतं की नुसत्या बोटाने काही दिसत नाही. आधी ओळखीची खूण द्यावी लागते, तिथून पुढची, मग त्याच्याही पुढची. आपल्या परंपरेत या रीतीला अरुंधतीदर्शनन्याय म्हणतात. लग्नात नवरीला अरुंधती दाखवायची असते. तारा बारीक, चटकन न सापडणारा. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथे स्थिरावली की तो सोडायला सांगायचं आणि शेजारच्या बारीक ताऱ्यावर न्यायचं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हाच दाखला स्थूलाकडून सूक्ष्माकडे नेण्यासाठी वापरला. ग्रिफिथ वेधशाळेतली संध्याकाळ मला या न्यायाची सर्वांत सुंदर वास्तुरचना वाटते. तिथल्या एकेका वस्तूची माहिती कुठल्याही पर्यटन-पुस्तिकेत मिळते. त्या वस्तूंचा क्रम मात्र वाचावा लागतो, आणि या वास्तूचा खरा रस त्या क्रमात आहे.

वेधशाळा माउंट हॉलिवूडच्या दक्षिण उतारावर, समुद्रसपाटीपासून 1,134 फुटांवर उभी आहे. जॉन ऑस्टिन आणि फ्रेडरिक अ‍ॅश्ली या वास्तुविशारदांनी ती अशी बसवली की तिच्या बाजू बरोबर चार दिशांना याव्यात. दर्शनी दार उत्तरेला, ध्रुवाकडे. पाठ दक्षिणेला, शहराकडे. बांधकामाची तयारी चालू असताना, मार्च 1933 मध्ये, लाँग बीचला मोठा भूकंप झाला. त्यावरून धडा घेऊन भिंती अधिक जाड केल्या आणि बाहेरून मातीच्या भाजलेल्या फरश्यांऐवजी काँक्रीट ठेवायचं ठरलं. त्यामुळे तांब्याच्या तीन घुमटांखालची ही पांढरी इमारत आज इतकी अनलंकृत आणि ठाम दिसते. मंदी ऐन भरात होती, कारागिरांना काम हवं होतं, आणि एका शहराने अशा दिवसांत लोकांना आकाश दाखवायची इमारत बांधली, ही गोष्ट तिच्या सौंदर्यातून वेगळी काढता येत नाही.

गाडी लावून वर आलं की आधी हिरवळ लागते आणि हिरवळीवर खगोलज्ञांचं स्मारक. 1934 मधलं. मंदीच्या काळात कलावंतांना रोजगार देणाऱ्या सरकारी योजनेतून ते उभं राहिलं. काँक्रीटचा चाळीस फुटी स्तंभ, माथ्यावर ब्राँझचा वलयगोल आणि खाली सभोवार सहा उभ्या आकृती: हिपार्कस, कोपर्निकस, गॅलिलिओ, केप्लर, न्यूटन, हर्शेल. सहा पुतळे सहा शिल्पकारांनी केले, तरी चेहऱ्यांवर एकच गांभीर्य आहे. संध्याकाळी ऊन कललं की सावल्या त्यांच्या झग्यांच्या सरळ चुण्यांत साचतात आणि ही माणसं खांबांसारखी लांब, उंच होत जातात. स्तंभाला प्रदक्षिणा घालणाऱ्या भारतीय माणसाला इथे एक पोकळी जाणवल्याखेरीज राहत नाही. हिपार्कस इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, कोपर्निकस पंधराव्या-सोळाव्यातला. मधली सोळा शतकं कोरी. आर्यभट नाही, भास्कराचार्य नाहीत, बगदाद आणि समरकंद नाही. 1934 सालच्या अमेरिकेला खगोलशास्त्राचा इतिहास असाच शिकवलेला होता. ही उणीव नोंदवायला हवी, कारण तिचं उत्तर याच संध्याकाळी, याच वास्तूत, अगदी अनपेक्षित जागी मिळतं.

दारातून आत पाऊल टाकलं की मधल्या गोल दालनात येतो. वर छतावर ह्यूगो बॅलिनची भित्तिचित्रं: पुराणातले देव, ग्रह, राशी, खांद्यावर आकाश पेलणारा अ‍ॅटलास. खाली भिंतींवर त्याच चित्रकाराने विज्ञानाची वाटचाल रंगवली आहे. म्हणजे मान वर केली की माणसाने आकाशाबद्दल रचलेल्या कथा आणि नजर खाली आणली की त्याने केलेली मोजमापं. दालनाच्या मधोमध, एका खोलगट वर्तुळात, फुकोचा लंबक झुलत असतो. चाळीस फुटी तारेला टांगलेला 240 पौंडांचा, म्हणजे जवळजवळ 109 किलोंचा पितळी गोळा. एकदा जाऊन परत यायला त्याला सुमारे सात सेकंद लागतात.

या कठड्यापाशी थांबलं पाहिजे. बहुतेक लोक थांबतातच, कारण वर्तुळाच्या कडेला छोट्या खुंट्यांची रांग मांडलेली असते आणि गोळा दर झोक्याला त्यांतल्या एकीच्या थोडा आणखी जवळ येतो. पहिल्या मिनिटाला काहीच घडत नाही. मुलं कंटाळून आईचा हात ओढतात. मग कोणीतरी म्हणतं, आता पडेल. गोळा खुंटीला चाटून जातो, पडत नाही. पुढच्या खेपेला खुंटी जराशी हलते. कठड्याभोवतीची अनोळखी माणसं एकाच वेळी पुढे झुकतात. गोळा परत येतो, खुंटी आडवी होते, आणि चार भाषांतून एकच उद्गार निघतो.

काय घडलं? लंबकाला कोणी वळवलेलं नाही. त्याच्याखालची फरशी वळली. फरशीबरोबर दालन वळलं, डोंगर वळला, शहर वळलं. लेऑन फुकोने 1851 साली पॅरिसच्या पांथेऑनमध्ये हाच प्रयोग लोकांसमोर मांडला होता. ध्रुवावर ठेवलेल्या लंबकाची फेरी एका दिवसात पूर्ण होईल, विषुववृत्तावर ती होणारच नाही, मधल्या प्रत्येक गावाला आपापला वेळ. लॉस एंजलिसच्या अक्षांशाला सुमारे 42 तास, दिल्लीच्या नव्या संसद भवनातल्या लंबकाला सुमारे 50, आणि पुण्यात असा लंबक टांगला तर साधारण 75. पृथ्वी फिरते हे वाक्य आपण तिसरी-चौथीत पाठ केलेलं असतं. ते खरं आहे याचा पुरावा आयुष्यात समोर उभा राहतो तो मात्र अशी एखादी खुंटी पडताना.

इथे रचनेचं सूत्र हाती लागतं. आपल्या दर्शनांनी ज्ञानाची साधनं सांगितली, त्यांतली तीन सर्वांच्या ओळखीची: शब्द, अनुमान आणि प्रत्यक्ष. हिरवळीवरचं स्मारक आणि छतावरची चित्रं हे शब्दप्रमाण. मोठ्यांनी सांगितलं, आपण मानलं. लंबक हे अनुमान; खुंटी पडली, त्यावरून पृथ्वीचं फिरणं कळलं. आता राहिलं प्रत्यक्ष, आणि ते गच्चीवर आहे. ही चढण ठरवून योजली असेल वा नसेल, वास्तूत ती आहे. वाचणाऱ्याला ती सापडते.

2002 ते 2006 या काळात वेधशाळा बंद ठेवून तिचा विस्तार केला तेव्हा दर्शनी रूपाला धक्का लागू नये म्हणून हिरवळीखालची जमीन खोदून खाली नवं दालन केलं. तिथे एका भिंतीवर 152 फूट लांब आणि 20 फूट उंच असं आकाशाचं एकच छायाचित्र आहे. पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने टिपलेला कन्या दीर्घिकासमूहाचा प्रदेश. त्यात दीर्घिकाच दीर्घिका, हजारोंनी. समोरच्या बाकावर ब्राँझचे आइन्स्टाइन बसले आहेत आणि त्यांनी एक बोट डोळ्यांसमोर फूटभर अंतरावर धरलं आहे. एवढ्याशा बोटाआड आकाशाचा जेवढा तुकडा झाकेल, तेवढाच या प्रचंड भिंतीवर मावला आहे. आइन्स्टाइनशेजारी बसून आपलंही बोट तसंच धरून पाहावं. इथेही तोच न्याय: आधी बोट, मग भिंत, मग त्या बोटाच्या मापाने सगळं आकाश मोजायचा प्रयत्न.

सूर्य मावळला की माणसं जिन्यांनी गच्चीवर येतात. पश्चिमेला पॅसिफिकच्या बाजूचा उजेड बराच वेळ रेंगाळतो. दक्षिणेला शहराचे रस्ते एकेक करून पेटतात, सरळ, काटकोनात, क्षितिजापर्यंत. गच्चीवर पूर्वेच्या घुमटाकडे जाणारी रांग एव्हाना लागलेली असते. तीत हातात हात घालून आलेली जोडपी असतात, शाळेची मुलं असतात, कॅलिफोर्नियात नातवंडांकडे आलेले आणि अंगात स्वेटर चढवलेले आजी-आजोबा असतात. लॉस एंजलिसमधली मराठी घरं पाव्हण्यांना इथे हमखास आणतात. रांगेत मराठी कानावर पडते. ही रांगही रचनेचा भाग मानावी. भरतमुनींनी अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय सांगितला. विस्मय एकदम येत नाही, त्याला औत्सुक्याची वाट लागते. पुढचा माणूस घुमटातून बाहेर येताना त्याचा चेहरा पाहायला मिळतो, आणि तो चेहराच आपल्याला आत नेतो.

आत तांबूस मंद दिवा आहे, डोळ्यांना अंधाराची सवय मोडू नये म्हणून. वर घुमटाची फट उघडी. तीतून आकाशाची एक उभी पट्टी आणि तिच्याकडे रोखलेली लांब नळी. बारा इंच व्यासाचं भिंग अंधारात ताणलेल्या आपल्या बाहुलीपेक्षा सुमारे दोन हजार पट उजेड गोळा करतं. चालक आधी सांगतो आज काय दाखवतो आहे ते: चंद्र, एखादा ग्रह, कधी जोडतारा. शहराच्या झगमगाटातून विरळ तेजोमेघ नीट दिसत नाहीत, म्हणून तेजस्वी वस्तूच निवडाव्या लागतात. मग दोन सूचना. नळीला हात लावू नका. डोळा भिंगाला टेकवू नका, जरा मागे धरा.

अष्टमीचा चंद्र समजा. पहिल्या क्षणी बहुतेकांना काहीच दिसत नाही. स्वतःच्या पापण्या, काळोख, मग उजेडाचा एक ओरखडा. डोकं थोडं इकडेतिकडे केलं की एकाएकी सगळं क्षेत्र पांढऱ्याने भरतं. पण नजर पांढऱ्यावर ठेवायची नाही. चंद्रावर जिथे सकाळ होते आहे ती उजेड-अंधाराची सीमारेषा शोधायची. तिथे उन्हं तिरपी आहेत, म्हणून एकेका उंचवट्याची सावली लांबच लांब पडली आहे. तिथेच एकाखाली एक अशी तीन मोठी विवरं लागतात. पहिलं टोलेमीचं, दीडशे किलोमीटरहून अधिक रुंद, तळ सपाट. दुसरं अल्फॉन्ससचं, मधोमध छोटा सुळका असलेलं. तिसरं अर्झाकेलचं, त्यांत सर्वांत लहान आणि सर्वांत रेखीव. कडेच्या पायऱ्या-पायऱ्या दिसतात आणि मधल्या डोंगराच्या टोकावर ऊन पोचलेलं, पायथा अजून रात्रीत. सीमारेषेच्या पलीकडे, निव्वळ काळ्यात, एखादा सुटा प्रकाशबिंदू दिसतो. तो एका शिखराचा माथा. त्याच्या भोवतीच्या दरीत अजून उजाडायचं आहे. हवा हलते तसं सगळं चित्र वाहत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखं थरथरतं, मधूनच क्षणभर निवळतं आणि त्या निवळलेल्या क्षणात इतका बारकावा दिसतो की श्वास रोखला जातो.

हिरवळीवरच्या पोकळीचं उत्तर इथे आहे. अर्झाकेल म्हणजे अकराव्या शतकात अंदलुसियात ग्रहांची कोष्टकं करणारा अल्-झरकाली. त्याच्या शेजारचं विवर दहाव्या अल्फॉन्सोचं, ज्याने तेराव्या शतकात अरबी खगोलग्रंथांचा स्पॅनिशमध्ये अनुवाद करवून घेतला. वरचं टोलेमीचं, ज्याच्या ग्रंथावर हे दोघेही उभे. स्मारकाने गाळलेला दुवा चंद्राच्या भूमीवर एका ओळीत मांडलेला आहे. अष्टमीच्या चंद्राच्या उजळ भागात, शांतिसागराच्या पूर्वेकडे, आर्यभटाच्या नावाचं एक लाव्ह्याने अर्धंमुर्धं बुजलेलं विवरही आहे. काँक्रीटमध्ये राहिलेलं अपुरेपण दुर्बिणीने भरून काढलं. शब्दप्रमाण दुरुस्त करायला प्रत्यक्षाशिवाय मार्ग नसतो, याचा याहून नेमका दाखला शोधून सापडणार नाही.

खालच्या दालनातलं ते विराट छायाचित्र या भिंगातल्या चित्रापेक्षा कितीतरी तपशीलवार आहे. मोबाइलवर चंद्राची याहून स्पष्ट चित्रं मिळतात. तरीही घुमटातून बाहेर पडणाऱ्यांचे चेहरे त्या भिंतीसमोरून निघणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात. छायाचित्र कोणीतरी पाहून आणलेलं असतं. इथे मधे कोणी नाही. आपण पाहिलं, आपल्या डोळ्याने, आणि आता ही गोष्ट आपण स्वतःच्या नावावर सांगू शकतो. ज्ञानाच्या बाबतीत सामान्य माणूस जवळजवळ नेहमी ऐकीव मालावर जगतो. या घुमटात काही क्षणांपुरता तो साक्षीदार होतो. सार्वजनिक वेधशाळेने नागरिकाला दिलेलं सर्वांत मोठं देणं हेच.

हे देणं ज्याच्या पैशातून आलं त्याची कथा या वास्तूत मिसळलेली आहे आणि ती टाळून रसग्रहण पुरं होणार नाही. ग्रिफिथ जेंकिन्स ग्रिफिथ हा 1850 साली वेल्समध्ये जन्मलेला, खाणींच्या व्यवहारात श्रीमंत झालेला गृहस्थ. 1896 साली त्याने लॉस एंजलिस शहराला तीन हजार एकरांहून अधिक जमीन उद्यानासाठी दिली. 1903 साली सांता मोनिकातल्या एका हॉटेलात त्याने आपल्या बायकोवर, क्रिस्टिनावर गोळी झाडली. ती वाचली; तिचा एक डोळा कायमचा गेला. त्याला सुमारे दोन वर्षं सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात काढावी लागली. सुटून आल्यावर, माउंट विल्सनच्या साठ इंची दुर्बिणीतून आकाश पाहून तो हलून गेला. सगळ्या माणसांना हे पाहायला मिळालं तर जग बदलून जाईल, असं त्याचं मत झालं. 1912 साली त्याने वेधशाळेसाठी एक लाख डॉलर देऊ केले. अशा माणसाचा पैसा घ्यायला शहरातून विरोध झाला आणि प्रकरण रेंगाळलं. 1919 मध्ये तो वारला; मृत्युपत्रातल्या रकमेतून पुढे वेधशाळा झाली. लोकांना प्रवेश विनामूल्य, ही अट त्याचीच.

एका स्त्रीचा डोळा घेणाऱ्या माणसाच्या पैशातून लाखो डोळ्यांना आकाश मिळालं. या वाक्यात कुठलंही समाधान शोधू नये. दानाने गुन्हा धुऊन निघत नाही आणि क्रिस्टिनाचं नुकसान कुठल्याही भिंगाने भरून येणार नाही. ज्या नजरेने आपण चंद्राच्या सावल्या बारकाईने पाहतो, त्याच नजरेने ही सावलीही पाहावी. वास्तू मोठी आहे, तिला एवढा खरेपणा पेलतो.

महिन्यातल्या एका शनिवारी, बहुधा चंद्र अष्टमीच्या आसपास असताना, वेधशाळेच्या हिरवळीवर हौशी आकाशनिरीक्षक आपापल्या दुर्बिणी मांडून बसतात. घुमटातल्या रांगेला वेळेचं बंधन असतं. इथे प्रश्न विचारता येतात, पुन्हा रांगेत उभं राहता येतं, अमुक दाखवा म्हणता येतं. मे महिन्यातल्या अशा रात्री सप्तर्षी उत्तरेला चांगलेच वर आलेले असतात. ध्रुव इथे 34 अंशांवर, पुण्याच्या आकाशातल्यापेक्षा जवळजवळ दुप्पट उंच. सप्तर्षींच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. तो शहराच्या उजेडातही दिसतो. त्याला लगटून असलेली अरुंधती मात्र या आकाशात नुसत्या डोळ्यांना दिसेलच याची खात्री नाही. ज्याला अरुंधती दिसेनाशी होते त्याचं आयुष्य सरत आलं, अशी आपल्याकडे जुनी समजूत. ती व्यक्तीला लागू नसेल. पण ज्या शहराला अरुंधती दिसत नाही त्या शहराचं काहीतरी सरत आलं आहे, हे मात्र मला मनोमन पटतं. मुंबई-ठाण्याची गोष्ट याहून निराळी नाही.

पुठ्ठ्याच्या जाड नळीची एखादी साधी दुर्बीण वसिष्ठाकडे वळवून मागावी. भिंगात पाहिलं की हरवलेली अरुंधती ठळक, पांढरीशुभ्र परत येते. आणि तिच्याकडे पाहता पाहता लक्षात येतं की वसिष्ठ एकटा नाही. त्याच्या अगदी जवळ दुसरा एक तारा आहे, वसिष्ठ-अरुंधतीत जेवढं अंतर दिसतं त्याच्या साधारण पन्नासाव्या हिश्शावर. 1617 साली बेनेदेत्तो कास्तेल्ली या शिष्याने आपल्या गुरूचं लक्ष या जोडीकडे वेधलं. तो गुरू म्हणजे गॅलिलिओ, जो इथून हाकेच्या अंतरावर काँक्रीटमध्ये उभा आहे. 1889 साली हार्वर्डच्या पिकरिंगने वर्णपटावरून दाखवलं की त्या जोडीतला मोठा तारा स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे. पुढे दुसराही तसाच निघाला. 2009 साली अरुंधतीलाही एक मंद सोबती सापडला. लग्नाच्या मांडवातून बाहेर येऊन जो जोडतारा पिढ्यान् पिढ्या पाहिला गेला, तो प्रत्यक्षात सहा ताऱ्यांचा परिवार आहे, आपल्यापासून सुमारे ऐंशी प्रकाशवर्षं दूर. ठळकाकडून बारीकाकडे नेणारा तो न्याय त्याच ताऱ्यांवर गेली चारशे वर्षं पुढे चालूच आहे. एक सूक्ष्म सापडलं की त्याच्या आत दुसरं.

या शहराने आकाश किती गमावलं आहे त्याचा एक प्रसंग वेधशाळेचे संचालक एड क्रुप यांनी सांगितला आहे. 17 जानेवारी 1994 च्या पहाटे नॉर्थरिजचा भूकंप झाला आणि शहराची वीज गेली. घाबरून रस्त्यावर आलेल्या लोकांनी वर पाहिलं. नंतर वेधशाळेत फोन येऊ लागले: भूकंपानंतर आकाश असं विचित्र का दिसत होतं? विचित्र काहीच नव्हतं. ते तारे होते. स्वतःच्या शहरावरचे तारे लोकांना अनोळखी वाटावेत, इतकी फारकत झाली होती. ग्रिफिथसारखी वेधशाळा झगमगाटाच्या मध्यावर कशाला, असं विचारणाऱ्याला हा प्रसंग पुरेसा आहे. विस्मरण जिथे दाट, तिथेच आठवण करून देणाऱ्याची गरज.

हिरवळीवरच्या त्या पुठ्ठ्याच्या दुर्बिणीला डॉबसोनियन म्हणतात आणि तिच्यामागचा माणूस आपल्याला परका नाही. जॉन डॉबसन 1915 साली बीजिंगमध्ये जन्मला. 1944 मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीच्या मठात दाखल झाला. ही सोसायटी 1900 साली स्वामी विवेकानंदांनी सुरू केलेली. मठात राहून त्याने जहाजाच्या खिडकीच्या काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि प्लायवूडचे बैठे आधार केले. त्या दुर्बिणी घेऊन लोकांना आकाश दाखवायला तो बाहेर पडू लागला. या भटकंतीमुळेच 1967 साली त्याला मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी पदपथावरच्या निरीक्षकांची त्याची संघटना उभी राहिली, आणि 2014 मध्ये वारेपर्यंत तो रस्त्यात थांबून येणाऱ्या-जाणाऱ्याला भिंगाशी बोलावत राहिला. ग्रिफिथने लोकांना टेकडीवर बोलावलं. डॉबसन टेकडी लोकांकडे घेऊन गेला. दोघांचा आग्रह एकच: पाहायला पैसे पडू नयेत.

या आग्रहाचं मराठी रूपही जुनं आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 सालापासून सर्वसामान्यांना आकाश दाखवते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या माळावर रात्ररात्र जागवलेल्या लोकांत आज आजोबा झालेले आहेत आणि त्यांची नातवंडंही. तिथल्या आकाशनिरीक्षणात मांडलेल्या दुर्बिणींत डॉबसनच्या घडणीच्या अनेक असतात. त्या माळावर घुमट नसतो, भित्तिचित्रं नसतात, लंबक नसतो. तरी रीत तीच: आधी उघड्या डोळ्यांनी सप्तर्षी, त्यावरून ध्रुव, मग वसिष्ठ, मग अरुंधती, मग भिंग. जाणता माणूस शेजारी उभा राहून सांगतो आणि योग्य वेळी गप्प होतो.

ग्रिफिथ वेधशाळेचं मोठेपण काँक्रीटमध्ये आणि तांब्यात असतं, तर ते त्या एका टेकडीपुरतं राहिलं असतं. ते क्रमात आहे, म्हणून ते इकडे आणता येतं. एक दुर्बीण, ती कशाकडे वळवायची हे ठाऊक असलेला एक माणूस आणि सगळ्यांना सारखं लागू असलेली एक रांग, एवढं जुळवायला कुठल्या लक्षाधीशाचं मृत्युपत्र लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या गच्चीवर किंवा शाळेच्या मैदानात, महिन्यातून एकदा अष्टमीच्या सुमारास हे घडू शकतं आणि घडायला हवं. कारण आकाशाबद्दल ऐकलेल्या लोकांची आपल्याकडे कमतरता नाही; ते स्वतः पाहिलेल्यांची आहे.